‘समोर काहीही आलं तरी गाडी स्वतः थांबते’: हे खरं नाही

एडास (चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेली गाडी समोर काहीही आलं तरी आपोआप ब्रेक लावते, असा समज बरीच वर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि जीवघेणाही.

मूळ अडचण या यंत्रणेतल्या रडारच्या कामात आहे; ते रेडिओ लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून समोरचं ओळखतं. रडारला वेग छान कळतो, आकार मात्र नीट कळत नाही. फलक, कठडे, पुलाचे खांब, गटाराची झाकणं, सगळ्यांवरून लहरी परत येतात. प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर गाडी चालवणंच अशक्य होईल. म्हणून बऱ्याच प्रणाली, विशेषतः जास्त वेगात, स्थिर वस्तू गाळून टाकतात. त्यामुळे पुढे धावणारी गाडी दिसते, पण बंद पडलेला ट्रक सुटू शकतो. पुढची गाडी अचानक बाजूला होऊन असा ट्रक समोर आला, तर धोका सर्वांत मोठा. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. ते पान वाचाच.

कॅमेरा ही उणीव बरीच भरून काढतो, पण समोरचं ऊन, धुकं, काचेवरचा चिखल यांत तोही चुकतो. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेच्या २०१९ च्या चाचणीत पादचारी ओळखणारी यंत्रणा रात्री निष्प्रभ ठरली होती. त्यानंतर सुधारणा झाली, हे मान्य.

अर्थात, म्हणून यंत्रणा बंद ठेवू नका. मागून धडकण्याचे अपघात तिने खरोखर कमी केले आहेत. पण एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने गाडी किती स्वयंचलित आहे यावरून केलेल्या ० ते ५ या वर्गवारीत बहुतेक गाड्या दुसऱ्या पातळीपर्यंतच येतात, आणि तिथे रस्त्यावर नजर ठेवण्याचं काम पूर्णपणे चालकाचंच असतं.