बाळंतिणीची खोली

बाळंतिणीची खोली म्हणजे प्रसूतीसाठी आणि त्यानंतरचे काही आठवडे माता व अर्भक यांच्यासाठी घरात राखून ठेवलेली जागा. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक बाळंतपणे अशाच जागेत, सुईणीच्या हातून होत असत. पुढे प्रसूती दवाखान्यात होऊ लागली आणि घरच्या खोलीकडे नंतरची शुश्रूषा तेवढी उरली. बाळंतपणाचा इतिहास सहसा औषधे आणि उपकरणे यांच्या अंगाने सांगितला जातो. मात्र बाई कोठे बाळंत होते, तेथे तिच्याजवळ कोणाला थांबता येते आणि ती जागा तिला मिळते की नाही, या गोष्टींवरही माता व बालक यांचे जगणे अवलंबून राहिले आहे. पुण्याचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन येते. नववा महिना लागण्यापूर्वी, हाडे, खडे व खापऱ्या काढून साफ केलेल्या जमिनीवर, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे दार ठेवून ते बांधावे. त्यात अग्नी, पाणी, उखळ, शौचस्थान, न्हाणी आणि स्वयंपाक यांची सोय असावी व ते ऋतुमानाप्रमाणे सुखकर असावे, असे तेथे सांगितले आहे. सोबतीला स्वतः अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू स्वभावाच्या स्त्रिया असाव्यात, असाही दंडक आहे. सुश्रुतसंहितेने या खोलीची लांबी आठ हात व रुंदी चार हात दिली असून ब्राह्मणादी चार वर्णांसाठी पांढरी, तांबडी, पिवळी व काळी अशी वेगवेगळी जमीन आणि वेगवेगळे लाकूड सांगितले आहे. अडलेल्या गर्भाची, म्हणजे मूढगर्भाची, बारकाईने चिकित्सा करणाऱ्या याच ग्रंथात बाळंतिणीच्या पायाखालची मातीही वर्णाप्रमाणे वाटलेली असावी, हे नोंद घेण्याजोगे आहे.

पुण्याच्या पेठांतील वाड्यांमध्ये ही जागा म्हणजे बहुधा माजघरालगतची आतली, अंधारी खोली असे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रिवाजामुळे सातव्या महिन्यातील डोहाळजेवणानंतर लेक माहेरी येई आणि तिची बाज या खोलीत पडे. दाराशी कडुनिंबाचा डहाळा, उशाखाली विळा किंवा कोयता आणि रात्रभर तेवणारा दिवा ही तेथील ठरलेली सामग्री होती. बाळंतीण न्हाऊन आली की बाजेखाली शेगडी सरकवून निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा टाकून तिला शेक दिला जाई. कानांत कापूस घालून वर रुमाल बांधत आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने पोट घट्ट आवळत. न्हाणीत सुईण किंवा घरातली जाणती बाई पाटावर बसून, पाय लांब पसरून, पोटऱ्यांवर तान्ह्याला पालथे घेई व तेल जिरवून कढत पाण्याने न्हाऊ घाली. मग वेखंड व ओव्याची धुरी देऊन, दुपट्यात गुंडाळून त्याला निजवत असत. आहारात आळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, भरपूर तूप आणि जेवणानंतर सुपारीऐवजी भाजलेला ओवा-शोपा असे. कुटुंबाला सोयर दहा दिवसांचे असले, तरी खोलीतला मुक्काम सव्वा महिन्याचा होता. एरवी सुनेला क्षणाची उसंत न देणाऱ्या घरांतही हा सव्वा महिना सहसा पाळला जाई. विटाळाच्या कल्पनेने बाईला दूर ठेवले हे खरे, पण हक्काची विश्रांतीही तिला त्याच कल्पनेमुळे मिळाली, हे नाकारता येत नाही.

पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजतात. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, अशी समजूत असल्याने कोरा कागद व लेखणी ठेवून जागरण केले जाते. ही पूजा याच दिवसांत का येते, याचे एक उत्तर वैद्यकात सापडते. नाळ विळ्याने किंवा पात्याने कापून तिच्यावर राख वा शेण लावल्यास अर्भकाला धनुर्वात होतो आणि त्याची लक्षणे बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतात. चांगले अंगावर पिणारे मूल अचानक तोंड मिटते आणि ताठरते. बाळंतिणीचा सूतिकाज्वरही याच सुमारास बळावतो. त्यामुळे त्या रात्रीच्या भीतीला अनुभवाचा आधार असावा, असे मानायला जागा आहे. गरोदरपणातील धनुर्वाताची लस आणि निर्जंतुक पाते यांच्या प्रसारानंतर भारतातून नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याची घोषणा २०१५ मध्ये करण्यात आली. पाचवी मात्र आजही पुजली जाते. खोलीतल्या इतर प्रथांपैकी ऊब, विश्रांती आणि ये-जा करणाऱ्यांवरची बंदी या उपकारक होत्या. कोंडलेला धूर आणि आईचा पहिला चीक पिळून टाकून बाळाला मध चाटवणे या गोष्टी अपायकारक होत्या. पायाळू मूल, म्हणजे पायांकडून जन्मलेले, पुढे उसण भरलेल्या पाठीला पाय लावून ती बरी करते अशी ख्याती होती. त्या जन्मात आई आणि मूल दोघांनीही मृत्यू किती जवळून पाहिलेला असे, याचा त्यात विसरच पडलेला दिसतो.

या खोलीला राजकीय महत्त्व आल्याचे उदाहरणही पुणे परिसरातच घडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या बारभाईंनी तिला पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. मुलगी झाल्यास अदलाबदल करता यावी म्हणून गडावर आणखी काही गरोदर बायका आणून ठेवल्याची वदंता विरोधकांनी पसरवली होती. मूल जेमतेम ४० दिवसांचे असताना त्याच्या नावे पेशवाईची वस्त्रे आली. तोवर एका विधवेच्या बाळंतपणावर सगळा दरबार डोळे लावून बसला होता.

त्याच मुलखात इतरांच्या वाट्याला काय येत होते, हे ऐंशी वर्षांनंतर एका मुलीने लिहून ठेवले. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, हिवापावसात त्यांचे किती हाल होत असतील, आणि बाळंतरोग झाला तर औषधाला व वैद्याला पैसे कोठून आणायचे, असा तिचा सवाल होता. ती तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. अनेक गावांत सुईणपण मातंग स्त्रियांकडे असल्यामुळे त्याला आणखी एक धार येते: जिच्या हाती वरच्या आळीतली बाळे सुखरूप येत, ती स्वतः उघड्यावर बाळंत होई, आणि काम संपल्यावर वरच्या आळीत तिचा स्पर्शही चालत नसे.

फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. उच्चवर्णीय समाजात विधवेला पुनर्विवाह नाकारलेला होता आणि ती गरोदर राहिल्यास सगळा दोष तिच्याच माथी येई. परिणामी गर्भपाताचे अघोरी उपाय, भ्रूणहत्या किंवा आत्महत्या एवढेच मार्ग उरत. येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे वा येथेच ठेवावे, अशी जाहीर सूचना देऊन फुल्यांनी तिला जागा दिली. तेथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना संसर्ग होऊन मृत्यू आला.

युरोपात प्रसूती घरातून रुग्णालयात गेली तेव्हा प्रथम मृत्यू वाढले, ही गोष्ट अनेकदा सांगायची राहून जाते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातांमुळे सूतिकाज्वर पसरतो, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये ओळखले. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती होताच, एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मातामृत्यूंचा दर काही आठवड्यांत २ टक्क्यांच्या आसपास आला. त्याच वर्षी एडिंबरोत जेम्स यंग सिम्पसन यांनी प्रसूतिवेदनांवर क्लोरोफॉर्म वापरला. दवाखाना सुरक्षित झाला तो या जंतुविचारामुळे, आणि नंतर सल्फा औषधे, पेनिसिलिन, रक्तपेढी व सुरक्षित भूल यांच्या आधाराने.

पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले ससून रुग्णालय १८६७ पासून होते. परंतु पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा घरी मरण पत्करणे ही त्या काळच्या अनेक कुटुंबांची रीत होती. ही कोंडी आनंदीबाई जोशी यांनी अनुभवली होती. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच, वयाच्या बाविसाव्या वर्षात, त्यांचे क्षयाने निधन झाले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने, ससूनच्या सहकार्याने, मध्यमवर्गीय विधवांना परिचारिकेचे शिक्षण दिले, आणि बाळंतिणीच्या उशाशी प्रशिक्षित मराठी बाई दिसू लागली. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालय १९१२ मध्ये निघाले ते लहानसे प्रसूतिगृह म्हणूनच. १९४४ मध्ये तेथे आलेल्या डॉ. बानू कोयाजी यांनी त्या ४० खाटांचे मोठे सर्वोपचारी रुग्णालय केले आणि वढू परिसरातील खेड्यांतून स्थानिक स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे काम उभारले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय, सोनवणे प्रसूतिगृह आणि गल्लोगल्लीची खासगी प्रसूतिगृहे यांनी उरलेला बदल पुरा केला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. २०१८–२० या काळात राज्यातील मातामृत्यूंचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, तर देशात ते ९७ होते. हे यश मोठे आहे. आता तक्रार दुसऱ्या टोकाची आहे: त्याच सर्वेक्षणात देशातील सरकारी संस्थांत १४.३ टक्के, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे आढळले. प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर त्यामुळे मृत्यू आणखी घटत असल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले होते. शल्यतंत्राची झेप मात्र वादातीत आहे. २०१७ मध्ये पुण्यातील एका खासगी रुग्णालयात देशातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण झाले आणि आईने दान केलेल्या गर्भाशयातून तिच्या लेकीला ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगी झाली.

दवाखान्यातल्या खोलीने एक गोष्ट हिरावली होती, ती म्हणजे सोबत. कळा देणारी बाई आत एकटी आणि आई, सासू, नवरा दाराबाहेर, हे सरकारी प्रसूतिकक्षांतले नेहमीचे दृश्य झाले. ओळखीचे माणूस जवळ असल्यास कळांचा काळ आटोपशीर राहतो आणि शस्त्रक्रियेची गरज कमी पडते, असे अभ्यासांतून दिसल्यावर केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी संस्थांत बाळंतिणीसोबत एका स्त्रीला थांबू देण्याच्या सूचना दिल्या. त्यांचा अंमल कक्षातली गर्दी आणि पडद्यांची सोय यांवर अवलंबून राहतो.

कोथरूड-सिंहगड रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत बाळंतिणीसाठी वेगळी खोली निघत नाही. शयनगृहच महिनाभर तिचे होते, शेगडीच्या जागी गरम पाण्याची पिशवी येते आणि तेल लावून न्हाऊ घालायला ठरवलेली बाई रोज सकाळी येऊन जाते. पेठांतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत बाळगुटीचा संच अजून मिळतो. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, बाळहिरडा, अतिविष अशी जिन्नसे सहाणेवर आईच्या दुधात उगाळायची आणि कशाचा एक वेढा, कशाचे दोन, हे बाळाच्या पोटाकडे पाहून आजीने ठरवायचे, अशी ही पद्धत आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते ऐकून घेतले जाते, आणि पुष्कळ घरांत दुसऱ्या दिवशी सहाण धुतली जाते.