मतदानासाठी छायाचित्र ओळखपत्र : मराठवाड्यातील वाद

मतदान केंद्रावर आलेली व्यक्ती यादीत नाव असलेलीच आहे याची खातरजमा छायाचित्राच्या कागदावरून करावी का, आणि करायची तर कोणता कागद चालेल, यावरचा हा वाद. भारतात त्याचे नियमापुरते उत्तर ठरलेले आहे. मतदाराने निवडणूक आयोगाचे छायाचित्र ओळखपत्र दाखवायचे. ते जवळ नसेल तर आयोगाने मान्य केलेल्या दुसऱ्या छायाचित्र पुराव्यांपैकी एखादा. मराठवाड्यात या ओळखपत्राला ‘मतदान कार्ड’ किंवा ‘इलेक्शन कार्ड’ म्हणतात. मतदानाच्या दिवशी त्याबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार मात्र अशी असते : ‘कार्ड हाय, पण यादीत नाव न्हाई.’ कायद्याने ही तक्रार टिकत नाही, कारण मत देण्याचा हक्क यादीतल्या नोंदीने मिळतो आणि कार्ड फक्त चेहऱ्याची साक्ष देते. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांत, म्हणजे लोकसभेच्या ८ आणि विधानसभेच्या ४६ मतदारसंघांत, ओळखपत्रावरून होणारे बहुतेक खटके कार्ड आणि यादी यांच्यातल्या या फटीतून निघतात.

केंद्रावरची पद्धत

खेड्यात मतदान केंद्र बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत असते. आत शिरताच पहिला मतदान अधिकारी यादीची चिन्हांकित प्रत घेऊन बसलेला असतो. तो कागद पाहतो, यादीतल्या छायाचित्राशी चेहरा ताडतो आणि अनुक्रमांक व नाव मोठ्याने वाचतो. हे मोठ्याने वाचणे छायाचित्रापेक्षा जुने आहे आणि अजूनही कामाचे आहे. समोरच्या बाकावरचे उमेदवारांचे प्रतिनिधी त्याच गावचे असतात. नाव कानावर पडले की ते मान वर करतात. ‘हा तो न्हाई, त्याचा धाकला भाऊ हाय’ हे सांगायला त्यांना कार्ड लागत नाही.

प्रतिनिधीला शंका रेटायची असेल तर दर हरकतीमागे दोन रुपये केंद्राध्यक्षाकडे रोख जमा करावे लागतात. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतली ही रक्कम आजही तेवढीच आहे. चहाही येणार नाही अशा पैशात एखाद्याच्या ओळखीला आव्हान देता येते. केंद्राध्यक्ष मतदाराला तोतयेगिरीची शिक्षा समजावतो, यादीतली नोंद वाचून दाखवतो आणि प्रश्न विचारतो. हरकत सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी ती घेणाऱ्यावर असते. हरकत पोकळ किंवा खोडसाळ ठरली तर दोन रुपये जप्त होतात आणि मतदार मत देतो.

उलट प्रकारही घडतो. खरा मतदार दुपारी येतो तेव्हा त्याच्या नावावर कोणीतरी सकाळीच मत देऊन गेलेले असते. ओळख पटल्यास त्याला यंत्रावर मत देता येत नाही. त्याला ‘प्रदत्त मतपत्रिका’ म्हणून कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात जाते आणि नेहमीच्या मोजणीत ते पाकीट उघडत नाहीत. २००८ मध्ये राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात एका मताने निकाल लागला, तेव्हा अशाच मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एरवी हे पाकीट म्हणजे मतदाराच्या समाधानाची सोय.

शहरात बाकावरचे प्रतिनिधी फारसे उपयोगी पडत नाहीत. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वस्तीत भाड्याच्या खोल्यांत राहणारे लोक दर दोन वर्षांनी बदलतात. तिथे नाव ऐकून मान वर करणारा कोणी नसतो. छायाचित्राची गरज खरी तिथे आहे. सक्तीचा काच मात्र जास्त जाणवतो तो तांड्यावर, पारधी वस्तीवर आणि ऊसतोड मजुरांच्या गावांत.

कार्ड कसे आले

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि त्याचे पाचच जिल्हे होते. ओळख तोंडीच पटवली जाई. त्या वेळी देशभरात, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले होते. ओळखीचा प्रश्न छायाचित्राच्या आधी नावाचा असतो, हे तेव्हाच दिसून आले.

१९६० मध्ये कलकत्त्याच्या एका लोकसभा मतदारसंघात छायाचित्र ओळखपत्रांचा प्रयोग झाला. दहा महिने खपूनही सगळ्या मतदारांची छायाचित्रे निघेनात आणि योजना गुंडाळावी लागली. १९७९ मध्ये सिक्कीममध्ये अशी कार्डे दिली गेली. देशभर ती नेण्याचा हुकूम मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये काढला. कार्डे दिली नाहीत तर १ जानेवारी १९९५ नंतर निवडणुकाच घेणार नाही, असे त्यांनी राज्यांना बजावले. कार्ड नाही म्हणून निवडणूक अडवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, आणि महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक फेब्रुवारी-मार्च १९९५ मध्ये पार पडली. २००९ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत बहुतेक मतदारसंघांच्या यादीवरही छायाचित्रे आली.

त्या पहिल्या मोहिमांतली काळ्या-पांढऱ्या छायाचित्राची, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली कार्डे मराठवाड्यातल्या पेट्यांत आणि पत्र्याच्या डब्यांत अजून सापडतात. ‘एमटी’ने सुरू होणारा, तिरप्या रेघांचा लांबलचक क्रमांक ही त्यांची खूण. नव्या कार्डावर तीन अक्षरे आणि सात अंक असतात. पंचविशीतल्या छायाचित्रावरून साठीतल्या माणसाची ओळख कशी पटवायची, हा प्रश्न अशा कार्डांमुळे केंद्राध्यक्षापुढे येतो. छायाचित्र जुळत नसेल तर दुसरा पुरावा मागायचा, अशी सूचना आहे. स्पेलिंग किंवा किरकोळ चुकांकडे मात्र दुर्लक्ष करायचे असते. जुन्या कार्डावर जिल्हा ‘औरंगाबाद’ किंवा ‘उस्मानाबाद’ असला म्हणून ते बाद होत नाही. २०२४ मध्येही त्या लोकसभा मतदारसंघांची अधिकृत नावे तीच होती.

बारा कागद

२०२४ च्या निवडणुकांत कार्डाऐवजी चालणारे १२ पुरावे होते. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, छायाचित्र असलेले बँक किंवा पोस्टाचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड, छायाचित्रासह निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि दिव्यांगांचे ओळखपत्र हे त्यांतले ओळखीचे. ज्या राज्याने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे काढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला, तिथे जॉबकार्ड मतदानाला चालते हे शोभूनच दिसते. रेशन कार्ड या यादीत नाही. घरातला सर्वांत जपलेला कागद तोच असल्याने म्हातारी माणसे ते पदरात बांधून येतात आणि परत पाठवली जातात. दुसरी गफलत चिठ्ठीची. घरी आलेली मतदार चिठ्ठी पूर्वी ओळखीला चालत असे. २०१९ पासून नुसती चिठ्ठी चालत नाही.

बायकांची नावे

या सगळ्यात कमी चर्चा होते ती लग्नाने बदलणाऱ्या नावाची. मराठी नावात मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे; आडनाव बदलते, आणि कित्येक घरांत पहिले नावही सासरी नवे ठेवतात. अठराव्या वर्षी कॉलेजातल्या शिबिरात नाव नोंदवलेली सुनीता वर्षभरात परळीहून गेवराईला संगीता होऊन जाते. तिचे कार्ड माहेरचे, आधार सासरचे, आणि यादीत नाव कुठे असेल ते कोणता अर्ज भरला यावर ठरते. स्थलांतराचा नमुना ८ भरला तर माहेरचे नाव सासरच्या यादीत सरकते. सासरी सरळ नव्या नोंदणीचा नमुना ६ भरला आणि माहेरच्या नोंदीचा उल्लेख राहिला, तर दोन्हीकडे नाव राहते आणि ती ‘दुबार मतदार’ होते. सभेत जिला बोगस मतदार म्हणून ओरडले जाते तिच्यात अशा लेकी-सुना किती असतील, याचा हिशेब आरोप करणारे मांडत नाहीत आणि आरोप फेटाळणारेही मांडत नाहीत. दोन्ही ठिकाणच्या कार्डावर छायाचित्र मात्र तिचेच असते. म्हणजे छायाचित्राची तपासणी इथे शंभर टक्के यशस्वी होते आणि दोष तसाच राहतो.

बुरख्यातल्या मतदारांची ओळख हा या भागात दर निवडणुकीला उकरून काढला जाणारा विषय. त्यासाठी आयोगाची पद्धत आधीपासून आहे : स्त्री मतदान अधिकाऱ्याने आडोशाला चेहरा पाहायचा. कर्मचारी पुरेसे नेमले तर वादाला फारसे काही उरत नाही.

ऊसतोड आणि कुलूपबंद घर

बीड जिल्ह्यातून, तसेच जालना, परभणी, धाराशिवच्या काही भागांतून, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता फडातून हलत नाही. २००९, २०१४ आणि २०१९ च्या विधानसभा निवडणुका ऑक्टोबरात झाल्या, त्यामुळे पुष्कळ मजूर मत देऊन निघू शकले. २०२४ ची २० नोव्हेंबरला झाली, आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता. मतदान होईपर्यंत हंगाम पुढे ढकलावा अशी मागणी त्यामुळेच झाली. जिल्हा परिषदेच्या २०१२ आणि २०१७ च्या निवडणुका तर भर फेब्रुवारीत होत्या.

या माणसाकडे मतदान कार्ड असते, आधार असते, बऱ्याचदा जॉबकार्डही असते. ओळखीचा एकही कागद कमी नसताना तो मत देऊ शकत नाही, कारण तो आणि त्याची मतपेटी दोनतीनशे किलोमीटर लांब असतात. शिवाय घराला कुलूप दिसले की मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, त्याचे नाव अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयतांच्या वेगळ्या यादीत टाकू शकतो. अशा यादीतला मतदार आलाच तर त्याची ओळख जास्त कसून तपासतात, अंगठा आणि छायाचित्रही घेतात. भाडे खर्चून आलेल्यालाच अधिक पुरावे द्यावे लागतात ते असे. एरवी उमेदवार गाड्या पाठवून टोळ्या आणतात, आणि गाडी कोणाची यावर पुढचे बरेच अवलंबून असते. परगावच्या मजुरांना आहे तिथून मत देता यावे म्हणून आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. राजकीय पक्षांच्या विरोधामुळे ती पुढे सरकली नाही.

परदेशातली तीच चर्चा

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हा वाद तापतो तो वेगळ्या कारणाने. तिथे सर्वांना घरपोच मिळणारे सरकारी ओळखपत्र नाही. इंडियाना राज्याचा २००५ चा छायाचित्र सक्तीचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ग्राह्य ठरवला. टेक्सासच्या २०११ च्या कायद्यात बंदुकीचा परवाना चालत होता आणि विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नव्हते. इंग्लंडमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत सक्ती प्रथम लागू झाली, तेव्हा सुमारे १४,००० मतदार पुराव्याअभावी मत न देता परतले, असे तिथल्या निवडणूक आयोगाने नोंदवले. ही उदाहरणे जशीच्या तशी इथे लावता येत नाहीत. इथे कार्ड देण्याचे काम सरकारने अंगावर घेतले आहे. बेघर माणसाच्या नोंदणीसाठी बीएलओने रात्री जाऊन तो सांगितलेल्या जागी झोपतो का हे पाहावे, कागद मागू नये, अशी तरतूदसुद्धा आहे.

वाद यादीकडे सरकला

गेल्या काही वर्षांत भांडण केंद्राच्या दारातून यादीवर गेले आहे. २०२१ च्या कायद्याने यादीला आधार जोडण्याची ऐच्छिक सोय झाली आणि ऑगस्ट २०२२ पासून त्यासाठीचा नमुना ६-ब भरून घेणे सुरू झाले. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, एवढे दोन्ही बाजूंना मान्य आहे. दुबार नावे त्याने निघतील की खरी नावेच गळतील, यावर एकमत नाही. मार्च २०२५ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या मतदारांच्या कार्डांवर एकच क्रमांक असल्याचे आयोगाने मान्य केले. त्याच वर्षी जूनमध्ये बिहारमध्ये यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे घरोघर जाऊन फेरतपासणी, सुरू झाले, तेव्हा मागितलेल्या ११ कागदांत खुद्द मतदार ओळखपत्र नव्हते. आधारही नव्हते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या ८ सप्टेंबर २०२५ च्या आदेशानंतर बारावे म्हणून आले. कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उलगडत बसलेल्या मराठवाड्याला जुना कागद शोधणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात दुबार नावांवरून विरोधी पक्षांनी १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत मोर्चा काढला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेणाऱ्या राज्य निवडणूक आयोगाला स्वतःची यादी नसते. तो विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतो, त्यामुळे त्यातली दुबार नावेही सोबत येतात. त्याने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले. असा मतदार आला की कुठे मत देणार, किंवा दुसरीकडे दिले नाही ना, हे त्याच्याकडून लिहून घ्यायचे आणि ओळख नीट तपासायची, असे ठरले. नंतरचे काम बोटावरच्या न पुसणाऱ्या शाईवर सोडलेले असते. डाव्या तर्जनीवरचा तिचा डाग सुनीताला संगीताच्या नावाने दुसऱ्यांदा मत देऊ देत नाही, आणि त्यासाठी तिला कोणते नाव खरे असे विचारावे लागत नाही.