व्हॅनगार्ड-२ की टायरॉस-१, पहिला हवामान उपग्रह कुठला?

हा घोळ बऱ्याच जणांचा होतो, माझाही बरेच दिवस होता. दोन्ही अमेरिकेचे, दोन्ही केप कॅनाव्हरलवरून उडालेले, दोन्ही ढग बघायलाच पाठवलेले. व्हॅनगार्ड-२ गेला १७ फेब्रुवारी १९५९ ला आणि टायरॉस-१ गेला १ एप्रिल १९६० ला. मग तारखेने पहिला व्हॅनगार्डच ना? हो, पण त्याच्याकडून ढगांचं कामाला येईल असं चित्र काही मिळालं नाही.

खरा फरक बघण्याच्या पद्धतीत आहे. व्हॅनगार्ड म्हणजे साधारण ५१ सेंटीमीटरचा, दहाएक किलोचा गोळा, त्यात कॅमेरा नव्हताच. दोन छोट्या दुर्बिणी आणि त्यांच्यामागे फोटोसेल, म्हणजे फक्त उजेड किती येतोय तेवढं मोजायचं, ढग असला की जास्त, समुद्र असला की कमी. गोळा स्वतःभोवती फिरणार, त्यामुळे दुर्बिणीची नजर जमिनीवरून एक पट्टी ओढत जाणार, मग पुढची पट्टी, मग त्याच्या पुढची, आणि खाली आपण त्या पट्ट्या जोडून ढगांचा नकाशा करायचा. आयडिया खरंच भारी होती, पण सगळी भिस्त त्या फिरण्यावर, आणि नेमकं तेच बिघडलं. दमलेला भोवरा डुलतो तसा तो डुलायला लागला, पट्ट्या वेड्यावाकड्या झाल्या, डेटा १९ दिवस आला पण त्यातली कुठली पट्टी कुठली तेच लागेना. मला याचं फार वाईट वाटतं.

टायरॉस पण फिरतच होता, पण त्याच्यात दोन टीव्ही कॅमेरे होते, शटर उघडलं की अख्खी फ्रेम एकदम, म्हणून पट्ट्या जोडायची भानगडच नाही. ग्राउंड स्टेशन लांब असेल तर फोटो टेपवर साठवायचे आणि नंतर पाठवायचे. ७८ दिवसांत जवळपास २३,००० फोटो! न्यूझीलंडजवळच्या समुद्रावरचं चक्रीवादळ पण त्यात सापडलं.

तोही परिपूर्ण नव्हता हां. कॅमेरे तळाला बसवलेले आणि उपग्रहाची दिशा अवकाशात ठरलेली, त्यामुळे प्रत्येक फेरीत बराच वेळ तोंड पृथ्वीकडे नसायचंच, आणि ध्रुवांकडचा भाग तर दिसायचाच नाही. टायरॉस म्हणजे ‘टेलिव्हिजन इन्फ्रारेड ऑब्झर्वेशन सॅटेलाइट’, नावात इन्फ्रारेड (म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) आहे म्हणून तो रात्रीचे ढग पण बघायचा असं कोणाला वाटेल, पण पहिल्यावर ते यंत्र नव्हतं, ते टायरॉस-२ वर नोव्हेंबर १९६० मध्ये आलं.

म्हणून मी तरी पहिला यशस्वी हवामान उपग्रह टायरॉस-१ लाच म्हणतो. पण व्हॅनगार्डला फुकट गेला म्हणू नका, तो अगदी गोल असल्यामुळे त्याची कक्षा कशी बदलते ते बघून वरची हवा किती विरळ आहे ते काढता आलं, आणि तो गोळा अजूनही वर फिरतोय.