आयएलई (आयबीएम आय प्रणालीवरील)

आयएलई म्हणजे इंटिग्रेटेड लँग्वेज एन्व्हायर्नमेंट: आरपीजी, कोबोल, सी, सी++ आणि सीएल (प्रणालीला आज्ञा देण्याची भाषा) या प्रोग्रॅमिंग भाषांत लिहिलेले भाग एकत्र जोडून चालवण्याची आयबीएम आय प्रणालीतील सोय. ही संगणक प्रणाली १९८८ मध्ये एएस/४०० म्हणून बाजारात आली. पुढे नावे बदलत २००८ मध्ये ती ‘आयबीएम आय’ झाली, तरी हिंजवडी-खराडीत तिच्यावर काम करणाऱ्यांच्या तोंडी ‘एएस फोर हंड्रेड’ हेच नाव बसले आहे. परदेशी विमा कंपन्या आणि बँकांचे अनेक वर्षांचे कोड पुण्यात बसून सांभाळणाऱ्यांचा आयएलईशी रोजचा संबंध येतो.

सुरुवातीच्या पद्धतीत एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला कॉल केला, म्हणजे काम करायला बोलावले, की तो प्रोग्रॅम त्या क्षणी शोधावा लागे. यात वेळ जाई; म्हणून सगळा हिशेब एकाच अवाढव्य प्रोग्रॅममध्ये कोंबण्याची सवय पडली. आयएलई १९९३ मध्ये सी भाषेसाठी आली. आरपीजी, कोबोल आणि सीएल १९९४ मध्ये तिच्यात आले. इथे कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला चालेल अशा रूपात बदलणारे साधन) आधी मॉड्यूल, म्हणजे सुटे भाग, तयार करतो आणि मग मॉड्यूल बाइंड करून, म्हणजे आपसांत जोडून, प्रोग्रॅम बनतो. अनेकांना लागणारे काम, उदाहरणार्थ हप्त्याची आकारणी, सर्व्हिस प्रोग्रॅममध्ये, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या सामायिक प्रोग्रॅममध्ये, एकदाच ठेवता येते. ते आरपीजीत असले तरी कोबोलमधून थेट वापरता येते. माझ्या मते आयएलईची खरी कमाई हीच.

भाषा जुळतात, पण आकडे आपोआप जुळत नाहीत. सीएलमधून साध्या कॉलने १२०० ही संख्या थेट लिहून पाठवली, तर ती १५ अंकी, ५ दशांश स्थळांच्या पॅक्ड रूपात (एका बाइटात दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटात अधिक-उण्याचे चिन्ह), म्हणजे ८ बाइटांत जाते. समोरच्या आरपीजी प्रोग्रॅममध्ये तीच जागा ७ अंकी, २ दशांश स्थळांची असेल, तर तो पहिले ४ बाइटच वाचतो. तिथे चिन्हाच्या जागी २ हा अंक सापडतो आणि रात्रीचा बॅच ‘डेसिमल डेटा एरर’ देऊन थांबतो. कंपायलरला यातले काहीच कळलेले नसते. आरपीजीत नेमका प्रोटोटाइप, म्हणजे पाठवायच्या प्रत्येक मूल्याचा प्रकार व लांबी सांगणारी घोषणा, लिहिणे हा त्यावर एक इलाज. मात्र तो आरपीजीतून केलेल्या कॉललाच लागू पडतो. सीएलमध्ये योग्य लांबीचे व्हेरिएबल घोषित करून ते पाठवावे. मजकुराचेही तसेच: सी शेवटी शून्य बाइट शोधते, आरपीजी उरलेली जागा रिकाम्या अक्षरांनी भरते.

सर्व्हिस प्रोग्रॅमला सिग्नेचर, म्हणजे त्यातून बाहेर वापरायला दिलेल्या प्रोसीजरच्या (कामाच्या तुकड्यांच्या) यादीची ओळखखूण, असते. ही यादी ज्या भाषेत लिहितात, त्या बाइंडर भाषेतल्या यादीत नवी प्रोसीजर मधेच घुसवली आणि सिग्नेचर बदलली, तर आधी बाइंड झालेले प्रोग्रॅम सुरू होताना अडतात. नवे नाव शेवटी जोडावे आणि जुनी यादीही राखावी.

पायथन, नोड-जेएस या भाषा आयएलईत येत नाहीत; त्या पेस नावाच्या वेगळ्या वातावरणात चालतात. त्यांच्याकडून आरपीजीला हाक मारण्याचा एक रुळलेला मार्ग डीबी२ या डेटाबेसमधील स्टोअर्ड प्रोसीजरचा (डेटाबेसमार्फत बोलावता येणाऱ्या प्रोसीजरचा), आणि तिथेही प्रत्येक पॅरामीटरचा प्रकार व लांबी घोषित करावी लागते.