भोवळीचे कारण शोधताना

सकाळची गर्दीची वेळ, ठाण्याहून मुंबईकडे निघालेली जलद लोकल आणि महिलांच्या डब्यात पाऊल हलवायलाही जागा नाही. घरून नुसता चहा घेऊन निघालेल्या एखाद्या तरुणीला घाटकोपर येण्याच्या सुमारास दरदरून घाम फुटतो, मळमळते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ती शेजारणीच्या खांद्यावर कलंडते. कोणी पाणी शिंपडते, कोणी भाजीच्या पिशवीत कांदा शोधते (कांद्याने काहीही साधत नाही, पण तो नेहमी सापडतो), आणि संध्याकाळपर्यंत घरच्यांनी मेंदूचा सिटी स्कॅन करायचे ठरवलेले असते. नेमकी हीच तपासणी अशा वेळी बहुधा निरुपयोगी ठरते.

आपण उभे राहिलो की सुमारे 500 ते 800 मिलिलिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. एरवी रक्तवाहिन्या आकसून आणि हृदयाचे ठोके किंचित वाढवून शरीर ते सावरून घेते. मात्र उकाडा, उपाशी पोट, वेदना किंवा रक्त पाहून बसलेला धक्का अशा कारणांनी कधी कधी ही प्रतिक्रिया उलटते, म्हणजे रक्तवाहिन्या सैलावतात, ठोके मंदावतात आणि रक्तदाब कोसळतो. मेंदूचा रक्तपुरवठा अवघे सहा ते आठ सेकंद थांबला तरी शुद्ध हरपते. अशा वेळी खाली पडणे हाच खरा उपाय असतो, कारण आडवे होताच रक्त पुन्हा मेंदूकडे वळते. गर्दीच्या डब्यात मात्र माणूस पडूच शकत नाही. चहूबाजूंनी दाबून उभा धरला गेल्याने त्याला शुद्धीवर यायला वेळ लागतो, हातपाय झटके देतात आणि लगेच ‘फीट आली’ असा गलका होतो.

म्हणूनच भोवळीच्या तपासात सर्वांत मोलाचा असतो तो प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा जबाब. चेहरा पांढराफटक पडला होता की निळसर? झटके पडण्याआधी सुरू झाले की नंतर? जिभेची कड चावली गेली का, आणि शुद्ध आल्यावर माणूस लगेच ओळखीचे बोलला की बराच वेळ गोंधळलेला होता? चावलेली जीभ आणि बराच वेळचा गोंधळ या दोन खुणा अपस्माराकडे, म्हणजे फीट येण्याच्या आजाराकडे, बोट दाखवतात. त्यानंतर रक्तदाब पाच मिनिटे आडवे झोपवून आणि मग उभे करून तीन मिनिटांपर्यंत मोजतात. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने घसरला, तर उभे राहताना होणारी ही घसरण भोवळीचे कारण असू शकते, आणि तिच्यामागे अनेकदा रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या असतात. सोबत ईसीजी काढलाच पाहिजे. धावताना किंवा झोपलेले असताना आलेली भोवळ, आधी छातीत धडधड होणे, कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू होणे, यांपैकी काहीही असेल तर हृदयाचा तपास तातडीने व्हायला हवा.

एवढ्यावर उलगडा झाला नाही, तर टिल्ट टेबल चाचणी करतात. 1986 पासून भोवळीच्या निदानासाठी वापरात आलेल्या या चाचणीत रुग्णाला पट्ट्यांनी बांधून टेबल 60 ते 70 अंशांत उभे करतात, आणि नाडी व रक्तदाबावर सतत नजर ठेवतात; गरज पडल्यास जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देऊन डॉक्टरांच्या देखत भोवळ आणवली जाते. ही चाचणी निर्णायक नाही, कारण निरोगी माणसालाही तीत कधी कधी भोवळ येते.

वर्षातून एकदाच भोवळ येणाऱ्यांची अडचण निराळी असते. समजा, नौपाड्यातले सत्तरीचे एक गृहस्थ काहीही पूर्वसूचना नसताना जिन्यात कोसळतात. त्यांना 24 तासांचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद करणारे अंगावरचे यंत्र, लावणे म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या चोरासाठी एका रात्रीचा पहारा ठेवण्यासारखे आहे. अशा रुग्णांच्या छातीवर डाव्या बाजूला, कातडीखाली, लूप रेकॉर्डर नावाचे काडेपेटीपेक्षाही लहान यंत्र बसवतात, जे सुमारे तीन वर्षे हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवते. पुढच्या वेळी गृहस्थ पडले आणि त्याच मिनिटाच्या नोंदीत दोन ठोक्यांमध्ये कित्येक सेकंदांची सपाट रेघ दिसली, तर पेसमेकरचा निर्णय घेता येतो. ठोके नियमित दिसले, तर हृदयाच्या लयीवरचा संशय फिटतो आणि डॉक्टर पुन्हा रक्तदाबाच्या नोंदींकडे आणि गोळ्यांच्या डब्याकडे वळतात.