तलवारबाजीतले सुरक्षा-नियम आणि कोकणची खारी हवा

जुलै 1982. रोमच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सोव्हिएत संघाचा व्लादिमिर स्मिर्नोव्ह आणि पश्चिम जर्मनीचा मथियास बेहर यांची फॉइलची (टोकाने टोचायच्या हलक्या तलवारीची) लढत चालली होती. बेहरचं पातं मोडलं आणि त्याचं तुटकं टोक स्मिर्नोव्हच्या मास्कची जाळी फाडून डोळ्यावाटे मेंदूत घुसलं. मॉस्को ऑलिंपिकचा हा सुवर्णविजेता काही दिवसांतच गेला.

तलवारबाजीच्या साहित्याचे आजचे कडक निकष मुख्यतः या अपघातानंतर आले. शाबूत पातं टोचल्यावर वाकतं, जोर जिरवतं. मोडलेला तुकडा आखूड, ताठ आणि धारदार असतो. साध्या कार्बन पोलादात पडलेली बारीक चीर झपाट्याने पसरते. म्हणून मोठ्या स्पर्धांत मॅरेजिंग पोलादाची (एका खास चिवट मिश्रधातूची) पाती आली, ज्यांत चीर हळू सरकते. मोडायची ती पातीही मोडतात, आणि तितकीच अणकुचीदार मोडतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निकषात जॅकेट, ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतची विजार) आणि आतला प्लॅस्ट्रॉन (जॅकेटखाली तलवारीच्या हाताची काख आणि छातीची बाजू झाकणारं अर्धं जॅकेट) 800 न्यूटनचे, म्हणजे टोचण्याचा तेवढा जोर सोसणारे, तर मास्कचा गळपट्टा 1600 न्यूटनचा. सरावाला बहुतेक जण 350 न्यूटनचं स्वस्त जॅकेट घेतात. त्यासोबत प्लॅस्ट्रॉन तरी 800 चाच हवा.

आपल्याकडे नेमका तोच काढून ठेवला जातो. एप्रिल-मेच्या उकाड्यात रत्नागिरी-मालवणकडे घाम सुकत नाही, मग ‘सरावच तर आहे’ म्हणून मुलं प्लॅस्ट्रॉनशिवाय उतरतात. पण जॅकेटची शिवण तलवारीच्या हाताच्या काखेत उसवते, आणि तिथून फुप्फुस फार दूर नाही. उकाडा सोसवत नसेल तर लढती लहान करा, प्लॅस्ट्रॉन काढू नका.

दुसरा शत्रू खारी हवा. गंजाने पात्यावर बारीक खड्डे पडतात आणि चीर तिथूनच सुरू होते. सराव संपला की पातं कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. घामट जॅकेटबरोबर एकाच बॅगेत कोंबू नये. ‘एस’सारखं वाकलेलं किंवा नखाला चीर लागणारं पातं बाद. मास्कची जाळी अंगठ्याने दाबून पाहावी. दबली, गंजली किंवा पोचा आला असेल तर मास्क बदलावा. पोचा ठोकून काढला तरी कमजोर झालेली तार सुधारत नाही. स्पर्धेत मास्कची हीच तपासणी 12 किलोच्या ‘पंच’ने, म्हणजे जाळीवर दाबायच्या टोकदार अवजाराने होते.

खरं तर भोसकल्याच्या जखमा दुर्मीळ. रोजच्या दुखापती घोटा, गुडघा आणि मांडीच्या. पावसाळ्यात हॉलची फरशी ओलसर होते आणि लंजमध्ये (पुढे झेप घेऊन वार करताना) पुढचा पाय सटकतो. तेव्हा दर अर्ध्या तासाने कोरडा पोछा मारा, आणि घोटा मुरगळला तर त्या दिवशी पुन्हा पिस्टवर (लढतीच्या पट्ट्यावर) नाही.

पातं मोडलं तर लगेच ‘हॉल्ट’ म्हणून लढत थांबवायची, मग दोघांचीही तपासणी. छाती, काख किंवा मानेवरचं छिद्र टाचणीएवढं दिसलं तरी खेळाडूला चालवू नका, पाणी देऊ नका, तडक 108 ला फोन करा. रुतलेला तुकडा उपसू नका. भोवती कापडाच्या घड्या लावून तो हलणार नाही असा धरा. छातीतून हवा फुसफुसत असेल तर भोक घट्ट बांधून टाकू नका, आणि जखमीला बसतं करून श्वासावर नजर ठेवा. रत्नागिरी किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठायला आडगावातून तास सहज जातो, म्हणून फोन आधी, जॅकेट कापणं नंतर. पात्याचे सगळे तुकडे जुळवून पाहा: एखादा कमी भरला, तर तो अंगात असू शकतो, आणि ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.