चढावर हरिपाठ थांबतो तेव्हा

साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालायला जाणाऱ्यांत माझी आईही असते. वय ६७. पायथ्याशी ती हरिपाठ गुणगुणत असते. चढ लागला की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर अभंग थांबतो, शेजारच्या काकूंशी बोलणं मात्र चालूच. मध्यम जोराच्या व्यायामाची खूण हीच: बोलता येतं, गाता येत नाही. दोन-चार शब्दांतच धाप लागली, तर तो जोराचा व्यायाम.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्याला मध्यम जोराची १५० ते ३०० मिनिटं, किंवा जोराची ७५ ते १५० मिनिटं हालचाल करायला सांगतात. आपल्याकडे २९ ऑगस्ट २०१९ ला ‘फिट इंडिया’ मोहीम सुरू झाली, तिनेही वयोगटाप्रमाणे व्यायाम सुचवले आहेत.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २०२० मध्ये झालेला एक बदल. २०१० च्या सूचनांत सलग किमान १० मिनिटं चाललात तरच ते हिशेबात धरलं जाई. ती अट आता काढून टाकली आहे. ‘मला कुठला वेळ?’ म्हणणाऱ्या माझ्या वहिनीला हे मी मुद्दाम सांगितलं. भाजी आणायला ती झपझप चढते तो रस्ता, दिवसातून चार वेळा होणारे जिने, सगळं धरायचं. त्यामागचं कारण स्नायूंतच आहे. स्नायू आकुंचन पावू लागला की साखर आत घेणारी प्रथिनं पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर ओढून घेतात. इन्सुलिनचा परिणाम मंदावलेल्या माणसातही हे घडतं, म्हणूनच मधुमेहींना चालायला सांगतात. या कामाला १० मिनिटं भरण्याची वाट बघावी लागत नाही.

पण सूचनांचा दुसरा भाग आपण वाचतच नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि ६५ च्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचेही. गेल्या वर्षी पंगतीतून उठताना आईला खांब धरावा लागला. रोज किल्ला चढणारी बाई, मग असं का? चालताना गुडघा थोडाच वाकतो. जमिनीवरून उठताना पूर्ण दुमडलेल्या पायांनी सगळं वजन उचलावं लागतं, आणि वयाबरोबर मांडीचे स्नायू झिजत जातात. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो, हे आपण घरोघरी पाहतो. त्या पडण्यामागे बऱ्याचदा हीच कमजोरी आणि ढळलेला तोल असतो.

आता ती हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठते-बसते. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करते, मग एका पायावर उभी राहते. डाव्या पायावर अजून डगमगते, म्हणून एक हात ओट्यावरच असतो.